मासळीबाजाराचा रस्ता

"ताई, सगळे सिग्नल ठीक चाललेत, आणि एकही गाडी हलत नाहीये!" शेजारच्या खुर्चीवरून जंग-सुक ओरडली.

मि-रानने वाहतूक नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरचे चारही पडदे एका नजरेत घेतले. चुसॉकच्या सणाला गावी निघालेलं अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं. पुलावरची रांग बसस्थानकाच्या चौकात अडली होती, बसस्थानकाची गिरणीच्या चौकात, गिरणीची मासळीबाजारात आणि मासळीबाजाराची पुलाच्या तोंडाशी. सिग्नलचं यंत्र एकेक चौक वेगळा तपासत होतं, म्हणून त्याला काहीच वावगं दिसत नव्हतं. या बंदराच्या शहराचे सिग्नल एकवीस वर्षं सांभाळलेल्या मि-रानला मात्र गोल दिसला. जो तो पुढच्याची वाट पाहत होता, आणि शेवटचा पहिल्याची.

"कुणाला तरी मागे घ्यावं लागणार. मासळीबाजाराचा रस्ता लाल ठेवू. चौकातल्या गाड्या पोलिसांना मासळीच्या लिलावाच्या आवारात घ्यायला सांगू."

तिने परवानगीसाठी कक्षप्रमुख बोंग साहेबांना फोन लावला. स्पीकरवर त्यांचा आवाज घुमला, "कराच तुम्ही मि-रानबाई! मी बसलोय ना इथे."

अकरा मिनिटं तो रस्ता लाल राहिला. आधी गिरणीची रांग सरकली, मग बसस्थानकाची, मग पूल वाहू लागला.

"मानलं बाई तुला!" जंग-सुकने टाळी दिली.

थांबवलेल्या त्या रस्त्यावर एका गाडीत जाळी विणणारे एक म्हातारे गृहस्थ छाती धरून बसले होते. मुलगा हॉर्न वाजवत राहिला. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत ते गेले होते.

सणानंतर चौकशी बसली. बोंग साहेब शांतपणे म्हणाले, "मी यांना थांबायला सांगितलं होतं."

मि-रान घाबरली नाही. साक्षीदार होती ना! तिने जंग-सुककडे पाहिलं. जंग-सुकने मान खाली घातली.

"मी दुसऱ्या फोनवर होते. मला काही ऐकू आलं नाही."

एकोणीस वर्षं दोघी एका टेबलावर जेवल्या होत्या. जंग-सुकची आई अंथरुणाला खिळली तेव्हा सहा महिने तिच्या रात्रपाळ्या मि-रानने केल्या होत्या.

बाहेरच्या व्हरांड्यात जंग-सुकने तिची बाही धरली. "ताई, समजून घे गं. निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत माझी."

"माझी दोन राहिलीत," मि-रान म्हणाली आणि बाही सोडवून घेतली.

तिची बदली पार्किंगच्या परवान्यांच्या खिडकीवर झाली. त्या आठवड्यात ती म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आली. मुलाने दार उघडलं नाही. तिने बंद दारासमोरच कमरेत वाकून नमस्कार केला.

नियंत्रण कक्षातल्या शेवटच्या दिवशी दुपारी ती खण आवरत होती. बंदरावर कंटेनर उलटला आणि पडदे पुन्हा थिजले.

"ताई..." जंग-सुकचा आवाज चिरकला. "गोल झालाय का गं? कुठून सोडवू?"

मि-रानला निघून जाता आलं असतं. ती खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"गिरणीचा रस्ता लाल ठेव. चौकातल्या गाड्या मैदानात घे. पण आधी पोलिसांना एकेक काच वाजवून विचारायला सांग, आत कुणी आजारी आहे का."

"आणि साहेबांना?"

"विचार. लेखी घे."

जंग-सुकने पोलिसांना फोन लावला, मग साहेबांकडे लेखी परवानगी मागितली. तिने वर पाहिलं नाही.

बसस्थानकाची पहिली बस सरकेपर्यंत मि-रान तिथेच उभी होती. मग तिने गळ्यातलं नियंत्रण कक्षाचं ओळखपत्र काढलं, फोटो वर येईल असं टेबलावर ठेवलं आणि जिन्याकडे निघाली.