कर्दळीचा वाफा

अंघोळीचं पाणी वाफ्यात, वाफ्यातलं टाकीत, टाकीतलं जास्वंदीला, उरलंसुरलं संडासाला. एवढी साधी साखळी, पण ती गल्लीतल्या चार घरांच्या गळी उतरवता उतरवता मृदुलाचा घसा बसला होता. झाशीच्या उन्हाळ्यात नळ येतो तो रुसलेल्या जावयासारखा. मग हाती आलेलं पाणी एकदाच वापरून नालीत का सोडायचं, एवढंच तिचं म्हणणं. खडी-वाळूचा वाफा केला, कर्दळ लावली, चारही न्हाण्यांचे पाइप तिथे आणले. पाणी आत जायचं साबणाळ, बाहेर यायचं नितळ. लूचे तापलेले वारे वाहत असतानाही गल्लीत कर्दळ तेवढी हिरवी होती.

आणि आता तोच वाफा नासला होता. पानांच्या कडा करपलेल्या, टाकीत गढूळ पाणी आणि वास असा की जेवण घशाखाली उतरू नये.

शेजारचे मुकेश नाकाला गमछा लावून दारात आले. "भाभीजी, बगीचा बनवाया था कि नरक? कल इतवार है. मलबा मँगवाकर भरवा दूँगा."

"भैया, ज़रा रुकिए. कारण ढूँढ रही हूँ."

"कारण तो सामने खड़ा है, भाभीजी."

मृदुला घरोघर फिरली. काय ओतलंत, काय सांडलंत? सगळ्यांचं एकच उत्तर : हमने तो कुछ नहीं डाला. तिने पाइप तपासले, जाळ्या घासल्या, कपाळावर हात मारून घेतला. दोन उन्हाळ्यांची खटपट उद्या मलब्याखाली जाणार होती.

शेवटी ती वाफ्याच्या तोंडाशी गेली, तर तिथे तिचे सासरे, नाना. ओलेत्या सोवळ्यात, हातात डबा. पुटपुटत पळीपळीने पांढरी भुकटी पाण्यात सोडत होते.

"नाना! हे काय?"

"ब्लीचिंग. ओरडू नकोस, सोवळ्यात आहे."

"रोज टाकता?"

"मग? चार घरांच्या अंगाचा मळ त्या पाण्यात. त्यावर वाढलेली जास्वंद मी गणपतीला वाहतो. शुद्ध नको करायला? तुला वाईट वाटेल म्हणून गुपचूप करत होतो."

मृदुला मटकन कट्ट्यावर बसली. "अहो, पाणी शुद्ध करतात ते खडीवरचे जंतू. ते मळ खातात. तुम्ही त्यांनाच मारलंत, मग मळ तसाच कुजला."

"जंतू मारायलाच तर टाकत होतो!"

"तेच सांगतेय ना मी!"

"मग भांडतेस कशाला?"

तिने डोळे मिटून घेतले. नानांनीच चाचरत विचारलं, "आता ते जंतू परत कसे यायचे?"

"आधी हे पाणी उपसायचं. मग गाईचं ताजं शेण कालवून घालायचं. त्यात असतात."

"शेण?" नानांचा चेहरा उजळला. "सूनबाई, हे आधी सांगायला काय झालं होतं? शेणासारखं शुद्ध दुसरं काय आहे?"

"नाना, शेणात जंतूच असतात!"

"असू देत. गाईचे आहेत."

मृदुलाने टाकी उपसायला बादली उचलली.

रविवारी मलब्याची ट्रॉली आली, तेव्हा नाना वाफ्याला पाठ लावून खुर्चीवर बसले होते, हात कोपरापर्यंत शेणाने माखलेले. "मुकेश, दवा मैंने डाली थी. बहू की गलती नहीं. भरना है तो पहले मुझे भरो."

"नानाजी, आप भी!" मुकेश हताश झाले. "चलो, बारिश तक देखते हैं. पर यह मलबा कहाँ ले जाऊँ?"

"तुम्हारे फाटक के आगे जो गड्ढा है, उसमें."

वास हळूहळू ओसरला. कर्दळीने एक गुंडाळलेलं पान वर काढलं, मागून दुसरं. टाकीचा तळ दिसू लागला.

मृदुला सुटकेचा श्वास टाकते न टाकते, तोच मुकेशची बायको रश्मी तणतणत आली. "भाभी, अपने ससुरजी को सँभालो. रोज सुबह हमारे गुसलखाने के बाहर खड़े रहते हैं. आज मेरी फिनाइल की बोतल ही उठा ले गए!"

मृदुला आत गेली. बाटली देव्हाऱ्याच्या खालच्या जाळीच्या कप्प्यात कुलूपबंद होती.

"नाना, किल्ली द्या."

"नाही देणार," नाना जपमाळ ओढत म्हणाले. "जंतू मरतील."