सरांचं अर्धं डोकं

भूमितीचे सर वर्गात टोपी का घालून येतात, हे अख्ख्या वर्गात फक्त मला ठाऊक होतं.

सर इतके ताठ उभे राहतात की सगळी शाळा त्यांना 'काटकोन' म्हणते. माझ्या बाबांचं केस कापायचं दुकान आहे आणि काटकोन सर तिथलं जुनं गिऱ्हाईक. एके दिवशी बाबांनी त्यांची उजवी बाजू झकास कापली आणि डावीकडे वळताना बाबांची बाही वर सरकली. मनगटावर जांभळट, चपटे, चकचकीत चट्टे! "हे काय?" म्हणत सर उठले ते गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर.

मला हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या आणि माझं हसू पळालं. गळ्यात कापड बांधून धावणारा माणूस बघितल्यावर गल्ली गप्प बसते होय?

"कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडूनच आलंय," आईने निकाल दिला.

"तुझ्या भावालाही असंच काहीतरी झालं होतं ना?" बाबा म्हणाले.

"त्याला घामोळं होतं! उगाच माझ्या माहेरावर ढकलू नका."

शेवटी मीच दोघांना ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "लायकेन प्लॅनस." मला वाटलं, नवा ग्रहच सापडला! त्या म्हणाल्या, हा त्वचारोग स्पर्शाने पसरत नाही. बहुतेकदा शरीरातली राखणदार मंडळीच चुकून आपल्याच कातडीवर धावून जातात. कधीकधी मात्र यकृतातला एक विषाणू याच्या मागे असतो, म्हणून रक्त तपासायचं.

"तो निघालाच तर गोळ्या आहेत, बरा होतो," त्या म्हणाल्या. "फक्त तो रक्तातून पसरतो, तेवढं सांभाळायचं."

बाबांनी तेवढंच शेवटचं वाक्य ऐकलं. दुकानात येऊन वस्तरा ड्रॉवरमध्ये, कात्री ड्रॉवरमध्ये, दारावरची पाटी उलटी. "पातं दर वेळी नवंच लावतो मी. तरी रिपोर्ट येईपर्यंत कोणाच्या मानेजवळ जायचं नाही." मग बिचारे नुसते आरसे पुसत बसले. आरसे एवढे चकाचक झाले की बघवेना.

रिपोर्ट आला. विषाणू नाही!

"म्हणजे तुमचं ऑटोइम्यून आहे, राखणदारांचीच चूक," डॉक्टर म्हणाल्या.

"ऑटोमॅटिक? मग आपोआप जाईल की!"

"आलंय आपोआप. जाताना मलमही खाईल आणि वेळही खाईल."

पाटी सुलटी झाली, पण गिऱ्हाईक कुठंय? भूमितीचा तास संपल्यावर मी सरांपुढे जाऊन उभी राहिले. गेल्या वर्षीची मी असते तर बाकाखाली शिरले असते.

"सर, तुमचं अर्धं डोकं आमच्याकडे राहिलंय."

सरांनी दोन्ही हातांनी टोपी धरली. "अगं, हळू बोल!"

मी सगळं सांगितलं, अगदी ग्रहासकट. सर ऐकत होते, पण मान काही हलेना. "सिद्ध कर," ते म्हणाले. सवयच ती.

"संध्याकाळी दुकानाच्या काचेबाहेर उभे राहा, सर."

संध्याकाळी मी काचेजवळच्या खुर्चीत ऐटीत बसले. "बाबा, बाह्या वर कर आणि माझी वेणी काप."

"वेणीबाई, तुझी आई मला कापेल!"

"तिचं मी बघते. तू काप रे!"

बाबांनी बाह्या दुमडल्या. चट्टे सगळ्या रस्त्याला दिसत होते. त्यांची बोटं माझ्या मानेवर टेकली आणि मग कात्री चालली. वेणी धपकन खाली! डोकं असं हलकं झालं की आता मी छताला लागते की काय. काचेबाहेर काटकोन सर नाक टेकवून वाकले होते. चक्क लघुकोन.

दार उघडलं. सर आत आले, घडी घातलेलं कापड बाबांच्या हातात ठेवलं आणि टोपी काढली. उजवीकडे माणूस, डावीकडे झुडूप!

"खाज फार येते का हो?" सरांनी हळूच विचारलं.

"विचारू नका, सर. बसा."

तेवढ्यात आई आली. तिने जमिनीवरची वेणी बघितली. मला बघितलं. मग खुर्चीतल्या सरांना बघितलं, आणि दारात थांबलेल्या आणखी एका काकांनाही.

"मागून तिरकं कापलंय," ती बाबांना म्हणाली. "आधी सरांचं उरका. मग तुम्हा बापलेकींकडे बघते."

"दोन अंशांचा फरक आहे, वहिनी," खुर्चीतून सर म्हणाले. "चालतो तेवढा."