ताडासनाचं माप

रविवारी सकाळी डोंगरकडा गावच्या योगवर्गात होत्या : बायका तेरा, सुया अकरा, कात्री एक, गोधडीसारख्या शिवलेल्या पट्ट्या तेरा. जुनी लुगडी संपली होती. पट्ट्या अठरा हव्या होत्या.

वर्ग मी फुकट शिकवते. फीऐवजी सेवा, असं ठरलं, आणि सेवा बायकांनीच शोधली : वसतिगृहातल्या अठरा पोरी गार फरशीवर आसनं करतात, त्यांना अंथरायला पट्ट्या. लुगडी मोजून मी गणित केलं होतं. पाच फुटी अठरा निघत होत्या. मग परीक्षेसाठी हिंगोलीला गेले. जाताना म्हणाले, "माणूस आडवा मावेल एवढी शिवा." पाच फूट हा आकडा सांगायचा राहिला.

आता टेप लावला. सात फूट. दुसरी सात. तेराही सात.

"काकू, एवढी लांब पोरगी आहे कोण?"

"आडव्या माणसाचं माप तिरडीला घेतात, जाई," अनुसूयाकाकू म्हणाल्या. "कोन निजंल मापाला? संगिताला भिंतीला उभी केली."

"संगिता सात फूट आहे?"

संगिता उठली, टाचा उचलल्या, दोन्ही हात वर ताणले. मी शिकवलेलं ताडासन. बिनचूक.

"तूच वरडतीस, उंच व्हा, आनखी उंच व्हा," रहमतबी खाला म्हणाल्या. "झाली की!"

हसता हसता एकीची सुई पडली. तेरा बायका रांगत शोधू लागल्या, आणि एकमेकींचं रांगणं बघून पुन्हा हसू लागल्या. सुई संगिताच्या पदरात निघाली.

अनुसूयाकाकू मात्र पट्ट्याच पुन्हा मोजत होत्या. पोरींच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनीच अठरा मोजल्या होत्या. पोरी चार वाजता येणार होत्या.

"तेरा तरी देऊ," मी म्हणाले.

"तेरा लेकरांना द्यायचं आन् पाचांना न्हाई, ते दान न्हाई बेटा, भांडन हाय," खाला म्हणाल्या.

सगळ्यात उंच पोरगी चार फूट आठ इंच. म्हणजे पाच फूट पुरे. प्रत्येकीतून दोन फूट जादा, तेरा दुणे सव्वीस. पाच पट्ट्यांना लागतात पंचवीस.

"कापा!" मी ओरडले.

"माझ्या टोकाला मोर हाय," अनुसूयाकाकू म्हणाल्या. "फळाची आशा सोड म्हनतीस, आता मोराची बी सोडू व्हय?"

"डोकं एकीला जाईल, पिसारा दुसरीला."

"मंग दोघी भांडतील," म्हणत त्यांनीच कात्री घेतली आणि मोराच्या मानेवर चालवली. वर्ग हसून हसून आडवा झाला. या वेळी मापाची भीती कुणालाच नव्हती.

तेरा तुकडे एका ओळीत जोडले, मग पाच-पाच फुटांवर कापायला. प्रत्येक जोडाला एक तुकडा दुसऱ्यावर इंचभर चढवलेला. जोड बारा. बारा इंच म्हणजे एक फूट, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा शेवटचा टाका पडत होता. टेप मी दोनदा धरला.

पावणेचार वाजता मोजलेली लांबी : पंचवीस फूट. पट्ट्या अठरा. उरलं : शून्य.