चिंतामणी म्हणजे नेमका कुठला

ठाकुर्लीच्या आनंदा शेवाळ्यांच्या घराला गेली बत्तीस वर्षं एकच रंग होता, आणि त्याला रंग म्हणणं हा बाकीच्या रंगांचा अपमान होता. आनंदा डोंबिवलीच्या एमआयडीसीत, विजेच्या पॅनलच्या लोखंडी पेट्या बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होता. पेट्यांना लागायचा राखाडी रंग. दिवाळी आली की उरलेले डबे कंपनी कामगारांना वाटून टाकायची. फुकट ते पौष्टिक म्हणत आनंदा ते घरी आणायचा आणि बाहेरची आणि आतली, दोन्ही खोल्या स्वतःच्या हाताने रंगवायचा. तो रंग पेटीला शोभतो, माणसांना नाही, हे त्याच्या डोक्यात यायला रिटायर व्हावं लागलं. आडनाव शेवाळे आणि घर राखाडी. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, आणि का कोण जाणे लवकर उठायचे.

त्याच्या बायकोने, तुळसाने, घर घेतलं त्याच वर्षी सांगितलं होतं, "अहो, एक तरी खोली चिंतामणी करूया." आनंदा म्हणाला होता, "करू की, पुढच्या दिवाळीला." ही पुढची दिवाळी त्यानंतर बत्तीस वेळा येऊन गेली.

यंदा तुळसाच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. धूळ आणि चुलीची धग तीन आठवडे टाळायची, म्हणून ती कल्याणला थोरल्या बहिणीकडे, रखमाकडे, राहायला निघाली. मुलगा ऋतुराज खाली रिक्षा थांबवून उभा होता. त्याने शीळफाट्याजवळच्या टॉवरमध्ये तीन खोल्यांचं घर घेतलं होतं, आणि आईबापांनी हे जुनं विकून तिकडे यावं म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. तुळसा इतके दिवस नाही म्हणत होती. त्या दिवशी चपला घालता घालता तिने भिंतींवरून एकदा नजर फिरवली.

"ऋतूला मी हो म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "डोळा बरा झाला की कपडे घ्यायला तेवढी येईन. या घरात माझ्या मनासारखी एक भिंत नाही. आणि माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक असायचंही काही कारण नाही."

ती भांडून गेली असती तर आनंदाला बरं वाटलं असतं. ती शांतपणे गेली. ती शीळफाट्याला गेली तर तोही जाणार होता, तिच्याशिवाय जायचा तरी कुठे? पण तिथं तो सामानातला एक नग म्हणून जाणार होता. आपल्या नवऱ्याला आपलं मन कधी कळलंच नाही, एवढं गाठोडं बांधून ती या घरातून निघणार होती, आणि हे त्याला सहन होईना. त्याने दोन दिवस भिंतींकडे बघत काढले. तिसऱ्या दिवशी उठला आणि रंगाच्या दुकानात गेला. वरातीमागून घोडं तर घोडं, पण घोडं निघालं.

दुकानाचा मालक हर्षितशेठ कॉम्प्युटरपुढे बसला होता. शेजारी रंग मिसळायचं मशीन होतं.

"चिंतामणी द्या," आनंदा म्हणाला.

"काका, कोड सांगा."

"कोड कसला? चिंतामणी."

हर्षितशेठने बिचाऱ्याने अठराशे छटांचं पुस्तक उघडून पुढे ठेवलं. त्यात युरोपातल्या सगळ्या समुद्रांचे निळे होते, तीन प्रकारचं धुकं होतं, कुठल्याशा बेटावरची संध्याकाळही होती. चिंतामणी नव्हता. "साडीवाल्यांना विचारा," तो म्हणाला. "ही नावं त्यांच्याकडची."

फडके रोडवरच्या साडीवाल्याने जांभळट निळी साडी फेकली आणि म्हणाला, हाच चिंतामणी, ताईंना आवडेल. शेजारच्या रमाबाई शिवणकाम करायच्या, त्या म्हणाल्या, छे, चिंतामणी म्हणजे मोराचा गळा. आणि ज्याला कामाला बोलावलं तो साईनाथ पेंटर म्हणाला, "माझी आई ज्याला चिंतामणी बोलायची ना काका, तो हिरवाच होता जवळपास. अख्ख्या डोंबिवलीत दोन बायकांचा चिंतामणी जुळायचा नाही."

आनंदा मात्र निर्धास्त होता. चिंतामणी म्हणजे कुठला ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पस्तीस वर्षांपूर्वी तो पाटणहून आलेल्या आत्याला घेऊन कल्याणला पारनाक्यावर मुलगी बघायला गेला होता. पोह्यांची बशी हातात होती आणि मान बशीत होती, कारण मान वर करायची त्याची छाती नव्हती. मुलगी ट्रे ठेवून आत जायला वळली तेव्हा कुठे त्याने डोळे उचलले. खिडकीतून ऊन आलं होतं, आणि ते तिच्या पाठीवरच्या पदरावर पडलं होतं. एवढंच त्याने बघितलं. परतीच्या वाटेवर आत्या म्हणाली, "चिंतामणी साडी काय खुलली होती रे पोरीला!" त्या दिवसापासून चिंतामणी म्हणजे तो पदर. तुळसाने खोली चिंतामणी करूया म्हटलं तेव्हा त्याला वाटलं होतं, हिलाही तो दिवस आठवतो. त्याला बरं वाटलं होतं, लाजही वाटली होती, आणि लाजेपोटीच त्याने पुढची दिवाळी सांगितली होती.

साईनाथने बाहेरच्या खोलीतलं सामान मधोमध ओढून चादरींनी झाकलं, भिंती खरवडल्या, पुट्टी भरली, प्रायमर मारला. खोली पांढरी झाली आणि अचानक मोठी झाली. मग त्याने पांढऱ्यात थेंबाथेंबाने मिसळायच्या निळ्या, हिरव्या आणि काळ्या स्टेनरच्या बाटल्या मांडल्या, वाटीत थोडा पांढरा घेतला आणि म्हणाला, "बोला."

"निळा. अजून. आता हिरवा, दोन थेंब."

भिंतीवर हातभर पट्टा मारला. आनंदाने डोळे मिटले, उघडले, मान हलवली. "नाही. ऊन पडल्यावर याचा हिरवा वर यायला पाहिजे. सावलीत निळाच दिसला पाहिजे."

"काका, हा रंग आहे का सरडा?"

पहिल्या दिवशी सहा पट्टे झाले, दुसऱ्या दिवशी नऊ. साईनाथ सकाळी यायचा, दोनचार थेंब इकडेतिकडे करून पट्टे मारायचा आणि दुसऱ्या साइटवर निघून जायचा. आनंदा वाळायची वाट बघत बसायचा, कारण ओला रंग खोटं बोलतो, वाळल्यावर खरं सांगतो. दुपारी तो चटई टाकून जमिनीवर पडायचा. झाकलेलं सामान मध्ये, आणि चारी बाजूंना भिंतींवर निळेहिरवे तुकडे. खिडकीतलं ऊन सरकत एकेका तुकड्यावर जायचं. बघता बघता डोळा लागायचा, आणि लागला की नाही हेही धड कळायचं नाही.

मग त्या तुकड्यांची दारं व्हायची. एकातून तुळसा सूप घेऊन बाहेर यायची आणि दुसऱ्यातून आत जायची. एका दारात ती पंचविशीची असायची, ओले केस टॉवेलात बांधलेली. खिडकीजवळच्या दारात तिच्या कडेवर ऋतू असायचा. कोपऱ्यातल्या गडद पट्ट्यात ती आत्ताची असायची, चष्मा कपाळावर ठेवून तांदूळ निवडत बसलेली, आणि त्या खोलीला छप्पर नव्हतं, वर नुसतं पाणी होतं, खाडीसारखं संथ. आनंदा हाक मारायचा. ती वळायची नाही. पाठमोरीच चालत राहायची, आणि तिचा पदर भिंतीला घासत जायचा तिथं तिथं रंग उतरायचा. जागा झाल्यावर तो उठून भिंतीला हात लावून बघायचा. भिंत कोरडी असायची. म्हातारपणी प्रेमात पडल्यासारखं झालंय आपलं, असं त्याला वाटायचं, आणि खरं तर तसंच झालं होतं.

एका दुपारी रमाबाई पडद्यांचं माप घ्यायला आल्या. जुने पडदे जाड, कॉफी रंगाचे होते. धूळ दिसत नाही, हाच त्यांचा गुण. आनंदाने त्यांच्याजागी पांढरं मलमल आणलं होतं.

"हे चार दिवसांत काळं होईल, भावजी," रमाबाई म्हणाल्या.

"होऊ द्या, धुऊ. पण वाऱ्याने हललं पाहिजे."

रमाबाईंनी टेप गळ्यात अडकवून भिंतींकडे बघितलं. "एकवीस पट्टे! तुळसाताई आल्या तर म्हणतील, भिंतीला देवी आल्या."

एक आठवडा उरला. साईनाथ रडकुंडीला आला होता. बावीस नंबरच्या वाटीत त्याने वैतागून काळ्याचा एक थेंब जास्त टाकला, पट्टा मारला आणि जेवायला बसला. आनंदाही डबा उघडून बसला. तीनच्या सुमाराला ऊन त्या पट्ट्यावर आलं. निळ्यातून हिरवा असा हळूच वर आला, आणि आनंदाच्या हातातला घास हातातच राहिला.

"हाच," तो म्हणाला. "साईनाथ, हाच रे."

"नक्की ना? बाथरूमला जाऊन या, परत बघा."

"हाच."

भिंतींना दोन हात मारून होईपर्यंत वीस दिवस संपले. आतल्या खोलीला ब्रशही लागला नाही, ती राखाडी ती राखाडीच. पण बाहेरच्या खोलीत पलंग खिडकीखाली आला, वर्तमानपत्रांची रद्दी गेली, पांढरं मलमल हलायला लागलं. संध्याकाळी आनंदा दारात उभा राहून आत बघत होता, परक्या घरात डोकवावं तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुराज आईला घेऊन आला. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. "चल आई, कपडे भर. मी गाडी खालीच लावलेली, तिथं जास्त वेळ उभी नाही करता येत," म्हणत तो जिन्यातच फोनवर बोलत राहिला.

तुळसा उंबऱ्याच्या आत आली आणि थबकली. तिने चष्मा काढला. नवा डोळा आणि जुना डोळा, दोन्हींनी तिने आधी समोरच्या भिंतीकडे बघितलं, मग एकेक करत बाकीच्या तिन्हींकडे.

"हा कुठला म्हणायचा?" तिने विचारलं.

"चिंतामणी."

"हा?" ती वळली. "अहो, हा रामा कलर. चिंतामणी जांभळाकडे झुकतो. मी तुम्हाला चिंतामणी म्हटलं होतं."

बावीस पट्टे, तीन आठवडे, आणि रंग चुकला. आनंदाला खुर्ची शोधायचंही सुचेना. तिने जाताना म्हटलं होतं तेच खरं ठरलं, हे त्याला लखलखीत दिसलं, आणि त्याला अक्षरशः रडू फुटायचं बाकी राहिलं.

"पण तू तर हाच नेसली होतीस," तो कसाबसा म्हणाला.

"कधी?"

"बघायला आलो तेव्हा. पारनाक्याला. आत्या म्हणाली, चिंतामणी."

"तुमच्या आत्याला भाजीतली कोथिंबीर दिसायची नाही," तुळसा म्हणाली, आणि भिंतीजवळ गेली. तीनचं ऊन आलं होतं. तिने तळवा भिंतीला टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ती साडी रखमाअक्काची होती," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "तेवढ्या दिवसापुरती मागून आणलेली. रामा कलरची. पुढं तिने ती बोहारणीला दिली, पातेलं घेतलं. मीसुद्धा विसरले होते. पण तुम्ही बघितलीत कधी? तुम्ही तर बशीतून मान वर केली नव्हतीत. मी आल्यागेल्याला पस्तीस वर्षं तेच सांगतेय, की यांनी मला न बघताच हो म्हटलं."

"तू वळलीस तेव्हा बघितलं," आनंदा म्हणाला. "पाठमोरी. ऊन आलेलं पदरावर."

"एवढंच?"

"एवढंच."

तुळसा पलंगावर बसली. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. आतून येणाऱ्या पाण्याचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. तिने पदराचं टोक गालाशी धरलं, डोळ्याला न लावता, आणि आनंदा तिच्याजवळ नुसताच उभा राहिला. जवळ बसावं की पाणी आणावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

ऋतुराज दारात आला. "आई, झालं का? अरे वा, कलर मारला? भारी वाटतंय! घर दाखवायला बरं पडेल."

"कुणाला दाखवायला?" तुळसा म्हणाली. ती उठून आतल्या खोलीत गेली, तिथल्या राखाडी भिंतींवर बोट फिरवून परत आली. "ऋतू, गाडी ने तू. आम्ही रविवारी जेवायला येऊ."

"म्हणजे? आई, तू तर हो म्हणालेलीस."

"म्हणाले होते." मग ती आनंदाकडे वळली. "ही खोली तुमची झाली. आतली माझी. तिला चिंतामणी द्यायचा, आणि शेजारी उभी राहून मी सांगणार किती थेंब टाकायचे ते. त्या पेंटरला फोन लावा."

"साईनाथ पळून जाईल," आनंदा म्हणाला, आणि आपला चष्मा कुठे ठेवला ते शोधत फोनवर नंबर काढू लागला.