सायकलीची दातखीळ

रविवारी सकाळी काशीदच्या नाक्यावर एका सायकलीला झेंडूचा हार घातला होता. सायकल उलटी उभी होती, सीट आणि हॅण्डल जमिनीला टेकवून, शीर्षासन केल्यासारखी. तिचं पुढचं चाक निघून भिंतीला टेकलं होतं. भोवती पन्नासेक माणसं, पाच लिंबं, एक नारळ आणि अगरबत्तीचा धूर. काहींनी चपला काढल्या होत्या.

गुरुवारपासून या सायकलीची दातखीळ बसली होती, अशी वार्ता होती. चाकाच्या मधोमध असलेली स्टीलची चकती ज्या फटीत बसायची, त्या फटीतले ब्रेकचे दोन पॅड एकमेकांना असे चिकटले होते की मधे गवताची काडी शिरेना. चाक जागेवर जाईना.

दातखीळ सोडवायला काळूराम भगत आला होता. तो आधी प्रत्येकाच्या हातात आपलं कार्ड देई, मग आशीर्वाद. कार्डावर छापलं होतं : नजर, करणी, अडलेलं लग्न, रखडलेला पासपोर्ट, घरपोच सेवा. यंत्रांच्या क्षेत्रात बुवा नुकतेच उतरले होते. मागच्या महिन्यात त्यांनी एका फ्रिजमधली करणी काढली. करणी गेली, फ्रिजही गेला.

"ही साधी सायकल न्हाय!" बुवा गरजले. "हिला वायर न्हाय, तरी बिरेक लागतो. मंग आतमंदी कोण हाय?"

आत तेल होतं. पण पन्नास माणसांनी हात जोडले.

बुवांनी भिंतीजवळच्या चाकाच्या चकतीवर समईतलं तेल सोडलं, डोळे मिटले आणि बोट बरोबर शेजारी टोपली घेऊन बसलेल्या येसूबाईकडे रोखलं. डोळे मिटून बोट इतकं नेमकं कसं जातं, हे कोणी विचारलं नाही.

दुकानाच्या दारात, हातात पाना धरून, चांगदेव मिस्त्री उभा होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. पनवेलचा हर्षद नावाचा तरुण सायकलवरून हरिहरेश्वरला निघाला होता. गुरुवारी काशीदला पुढचं चाक पंक्चर झालं. त्याने सायकल चांगदेवकडे दिली, "रविवारी येतो, काका," म्हणाला आणि घरून तातडीचा फोन आला म्हणून एसटीने परत गेला. चांगदेवने चाळीस वर्षांच्या सवयीने सायकल उलटी केली, चाक काढलं. शेजारी येसूबाई सुक्या मासळीची, म्हणजे सोडे, सुकट आणि बोंबलाची टोपली घेऊन बसायची. बारा वर्षं तीच जागा.

"दादा," ती वाकून म्हणाली, "हिला वायर दिसत न्हाय. मंग बिरेक लागतो कसा?"

मिस्त्रीला असं कोणी विचारलं की त्याचा हात थांबत नाही. "हा बघ," म्हणत त्याने हॅण्डलवरचा ब्रेकचा लिव्हर दाबला. दोनदा दाबला. पॅड पुढे सरकले ते सरकलेच. पंक्चर काढून चाक बसवायला गेला, तर फट गायब!

समोर चहा पीत दोघे बघत होते. चांगदेवला लाज वाटली, आणि लाज हसण्यात झाकायची त्याची जुनी खोड. "काय गं येसू, नजरबिजर लावलीस काय?" तो हसत म्हणाला.

येसूबाईही हसली. चहा पिणारे हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर फिरून आलं, तेव्हा त्यातलं हसू वाटेत गळून पडलं होतं.

शुक्रवारी चांगदेवने बॅटरी मारून फटीत पाहिलं आणि त्याला उलगडा झाला. पण सांगणार कसं? चाळीस वर्षांचा मिस्त्री एका पंक्चरला फसला, हे तोंडातून निघेना. दातखीळ त्यालाही बसली होती. त्या दिवशी येसूबाईची टोपली भरलेली परत गेली. शनिवारी दोन बायका पोरांवर पदर धरून रस्त्याच्या पलीकडून गेल्या. तरी जाताना येसूबाईने नेहमीसारखे मूठभर सोडे त्याच्या बाकावर ठेवले. त्याने ते रांधून खाल्ले. घशात अडकले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

"ऊठ येसू," आता बुवा सांगत होते. "चाकाच्या पाया पड आन् ही जागा सोड. वर ओसाड सड्यावर बस, तिथं नजर लागायला कोण न्हाय."

"तिथं सुकट घ्यायला तरी कोण हाय?" येसूबाई म्हणाली.

हर्षद नुकताच एसटीतून उतरून गर्दीत घुसला होता, तो आपल्या हारवाल्या सायकलीकडे आ वासून बघत होता. येसूबाईने टोपली डोक्यावर घेतली. चांगदेवसमोर थांबली.

"दादा, मी फकस्त इचारलं व्हतं ना?"

पाना चांगदेवच्या हातातून पडला.

"थांब येसू. टोपली ठेव. नजर न्हाय लागली. मी लिव्हर दाबला. चाक काढलेलं असताना दाबला. गाढवपणा माझा."

"मिस्त्री, मधे बोलू नका, उलटेल," बुवा म्हणाले.

"उलटीच हाय ती," चांगदेव म्हणाला.

त्याने दुकानातून लाकडाची पातळ स्वच्छ पट्टी आणली, पॅडच्या मधे टोक घातलं आणि हळूहळू दोन्हीकडे रेटलं. पॅड मागे सरले. फट दिसली.

गर्दीतून आवाज उठला, "बघा, येसू उठली तशी दातखीळ सुटली!"

चांगदेवने कपाळाला हात लावला. मग त्याला सुचलं. "बुवा, इकडं या. हा लिव्हर दाबा."

"मी कशाला?"

"तुमचा हात पवित्र हाय म्हणून."

पन्नास माणसं बघत होती. बुवांनी दाबला. दोनदा. पॅड पुन्हा घट्ट मिटले.

"आता कोणाची नजर लागली?" चांगदेवने विचारलं.

पहिल्यांदा येसूबाई हसली. मग बाकीचे.

"लिव्हर दाबला की नळीतलं तेल पॅडला पुढं ढकलतं," चांगदेव सांगू लागला. "मधे चकती असली की पॅड तिला धरतात न् थांबतात. चकतीच नसली, तर एकमेकांना जाऊन चिकटतात. म्हणून चाक काढलं की मधे काहीतरी घालून ठेवायचं. मला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी कळलं. शुक्रवारपासून मी गप बसलो."

त्याने पॅड पुन्हा मागे रेटले, बुवांचंच कार्ड चार घड्या करून मधे सरकवलं आणि लिव्हर दाबला. पॅड कार्डावर येऊन थांबले.

मग हर्षदकडे वळून म्हणाला, "साहेब, चकतीवर बुवांनी तेल सोडलंय. तशीच नेली असती तर उतारावर बिरेक लागला नसता." मोबाईल दुरुस्तीवाल्या निकेशकडून त्याने स्पिरिट आणवलं आणि कोऱ्या फडक्याने चकती दोनदा पुसली. हार काढला, कार्ड काढलं, चाक बसवलं, सायकल सरळ करून लिव्हर टणक लागेपर्यंत दाबला. नाक्यावर दहा फेऱ्या मारून, दहा वेळा थांबून, मगच सायकल दिली. तेवढ्यात बुवांना कुठेतरी तातडीची घरपोच सेवा आठवली होती.

आता चांगदेवच्या दुकानात चाक निघालं की पॅडमधे काळूराम भगताचं कार्ड जातं. गठ्ठाच मागे राहिलाय. एका तरी दातखिळीवर ते कार्ड चालतं.

येसूबाई जागेवर परतली, टोपली पुन्हा रिकामी होऊ लागली. पण बाकावर सोडे येईनासे झाले, आणि तिने काही विचारणंही सोडलं. बुवाने बोट रोखलं होतं खरं. पण नजर हा शब्द बुवाचा नव्हता, हे चांगदेवला आणि तिला दोघांनाही ठाऊक होतं. महिन्याभराने त्याने स्वतःच एक ब्रेक उघडून तिच्यासमोर ठेवला. "विचार ना गं काहीतरी."

"उत्तर सगळ्यांसमोर द्याल?"

"देईन."

तिने वाकून पाहिलं.

तर मंडळी, काही अडलं, मिटलं, बंद पडलं, तर कोणाची नजर लागली हे शोधू नका. कोणी काय दाबलं, ते आधी विचारा. आणि दाबणारे आपणच असू, तर शुक्रवारीच सांगा, रविवारची वाट पाहू नका.