खोडलेलं वर्तुळ

“मॅडम, वेड रक्तातून येतं का हो?”

प्रश्न विचारून ती खाली बसलीच नाही. मागच्या बाकावरच्या तिघींनी ‘हिंमत असेल तर विचार’ म्हणून पैज लावली होती, आणि जिला अख्खा वर्ग भोंगा म्हणतो तिला डिवचणं म्हणजे हातात माइक देण्यासारखंच.

पाहुण्या संशोधक बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

“वेड नको म्हणू. स्किझोफ्रेनिया हा आजार आहे. आणि एक जनुक सापडलं नि चोर पकडला, असंही नाही. शेकडो जनुकं आहेत, एकेकाचा वाटा चिमूटभर. अगदी एकसारख्या जुळ्या बहिणींत एकीला झाला, तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसरीला होत नाही. का होत नाही, तेच तर शोधतोय आम्ही.”

त्यांनी फळ्यावर एका कुटुंबाचा नकाशा काढला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, वारलेल्यावर तिरपी रेघ. एकसारखी जुळी असली, तर एकाच टोकातून फुटलेल्या दोन रेघा आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी. मग कोरे कागद वाटले. “घरी जाऊन आपापल्या घराण्याचा काढा. कोणाची जीभ गोल वळते तेवढंच लिहा. आजारबिजार नको.”

संध्याकाळी आई इस्त्रीला बसत होती. तिने कागद पुढे सरकवला.

“आई, तुझ्या माहेरचा नकाशा तू काढ. कोणाच्या खाली कोण, एवढंच.”

आणि स्वतःची जीभ वळते का ते बघायला ती आरशाकडे पळाली. वळत होती. ती सांगायला परतली तेव्हा कागदावर आजोबांचा चौकोन होता, आजीचं वर्तुळ होतं, दोघांवर तिरपी रेघ. खाली मामाचा चौकोन. आईचा हात सही केल्यासारखा भरभर चालला होता. मग तो थबकला, आणि रबर फिरलं.

 

चौकोन-वर्तुळाचं तिने आईला सांगितलंच नव्हतं.

तिने कागद उचलून दिव्यासमोर धरला. आईच्या वर्तुळाशेजारी दुसऱ्या वर्तुळाचा ओरखडा राहिला होता. दोन्ही एकाच टोकातून निघालेली. मध्ये दांडी.

“हे कुठे शिकलीस?”

“काय ते?”

“चौकोन, वर्तुळ, तिरपी रेघ.”

“पाहिलं असेल कुठेतरी.” आईने शर्टावर इस्त्री फिरवली. इस्त्रीचं बटण बंद होतं.

सोफ्यावर बाबांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं. त्यांचा चष्मा टीपॉयवर पडला होता.

आता तिला एकेक आठवायला लागलं. दर सहा महिन्यांनी आईच्या कोपराशी कापूस आणि चिकटपट्टी. म्हणे शुगर तपासली. आणि चहात साखर दोन चमचे! महिन्यातून एकदा शनिवारचं ‘ट्रेनिंग’. बाथरूममध्ये वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणाचा सराव करताना दाराखाली दिसणारी आईच्या पावलांची सावली. “कोणाशी बोलतेस गं? झोप लागते ना नीट? वर्गात कोणी तुझ्यावर लक्ष ठेवून आहे असं वाटतं का?” आईला एखाद्या मुलाचा संशय येतोय, असं तिने मैत्रिणींना रंगवून सांगितलं होतं. पोट धरून हसल्या होत्या चौघी.

“तू मला तपासत होतीस,” ती म्हणाली. आवाज भोंग्याचा नव्हता.

आई खुर्चीत बसली. खोडलेल्या जागेवर तिने बोट ठेवलं.

“सोळाची होती ती. स्वतःशीच बोलायला लागली. आम्हाला वाटलं, नाटकाची तयारी करतेय.”

“कोण ती?”

“तुझी मावशी. माझ्यापेक्षा सात मिनिटांनी मोठी.”

“वारली?”

“नाही गं. एका संस्थेत असते. शनिवारी तिलाच भेटायला जाते मी. आणि त्या संशोधनवाल्यांना आमचं रक्त लागतं, दोघींचं. सारखं असून फरक कुठे पडला ते बघायला.”

वर्तमानपत्र खाली आलं. “तुला घाबरवायचं नव्हतं, बाळा,” बाबा म्हणाले.

“मग घाबरलंय कोण?”

तिने पेन्सिल घेतली आणि ओरखड्यावरून वर्तुळ पुन्हा गिरवलं, दाबून, कागद फाटेल इतकं.

“मावशीची जीभ वळते?”

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग पदरासारखा तो शर्टच तिने डोळ्यांना लावला. त्याआडून हसल्यासारखा आवाज आला.

“तिची वळते. माझी नाही वळत. लहानपणी वेडावून दाखवायची मला.”

तिने दोन्ही वर्तुळांखाली तसं लिहिलं. मग कागदाची घडी घातली, खुर्ची मागे सारली आणि उभी राहिली.

“दोघंही ऐका. या शनिवारी मावशीकडे मी येतेय. आणि भाषणाचा सराव मी बाथरूममध्येच करणार, दार लावून, मोठ्यांदा. दाराबाहेर कोणी उभं राहायचं नाही. ऐकायचंच असेल तर स्पर्धेला या.”