चाकावरचा निळा कागद

मी एक जुना, प्लॅस्टिकचा रणगाडा आहे. घाबरू नका मित्रांनो, माझी लांबी तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. जाणकार तर मला रणगाडाही म्हणू देत नाहीत, चिलखती गाडी म्हणतात. ज्या खऱ्या गाडीची मी नक्कल आहे, तिला सोव्हिएत सैनिक हवाई छत्र्या बांधून विमानातून खाली सोडत. मीही एकदा वरून आलो आहे, पण माळ्यावरून, आणि छत्रीशिवाय. माझा खोका एका कोपऱ्यात चेपला तो तेव्हाच.

स्वभावाने मी संशयी. का नसणार? खोक्यावर धूळ उडवत धावणाऱ्या गाडीचं चित्र, आणि आत बघावं तर प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले, एकेक करून जोडायचे दोनशे फिकट हिरवे तुकडे. जन्मापासूनच अशी फसवणूक पाहिल्यावर माणूस काय, रणगाडाही कुणावर भरवसा ठेवत नाही.

आमचे मालक एका कारखान्यात कवळ्या बनवत. सगळे त्यांना दातमास्तर म्हणत. त्यांनी मला हौसेने आणलं आणि दहा वर्षं माळ्यावर विसरले. मग एक दिवस त्यांनी केलेली कवळी एका म्हातारीला एका बाजूने उंच बसली आणि तिचं तोंड सोललं. कारखान्याचा मालक म्हणाला, "मास्तर, एकदा नजर तपासून घ्या." झालं. मास्तर पिशवी उचलून घरी आले ते कायमचे.

"माप घेणाऱ्याची चूक. माझा हात आजवर चुकलेला नाही," त्यांनी बायकोला सांगितलं. "माळ्यावरची ती गाडी काढ. बिनचूक उभी करतो आणि मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवतो. नाही जमलं तर पुन्हा हत्याराला हात लावणार नाही."

म्हणजे बघा, त्यांची सगळी अब्रू माझ्या पाठीवर. सांगा आता, छातीत धडधडणार नाही का?

जेवणानंतर मास्तर खिडकीपाशी बसून मला जोडत, आणि ग्लू वाळेपर्यंत आत जाऊन तासभर पडत. ते घोरू लागले की मालकीणबाई येत. त्या कपड्यांना रफू करायच्या. बोटं अशी बारीक आणि चपळ की मला पहिल्याच दिवशी चोराची वाटली. त्या माझ्यावर वाकत, नुकतं बसवलेलं चाक अलगद सोडवत आणि दुसरीकडे लावत. घरभर ग्लूचा वास येतो म्हणून त्या कालच कुरकुरल्या होत्या. मी मनात म्हटलं, ही बाई माझा काटा काढणार. माझा कोणता अवयव कुठे असतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

मास्तरांनाही सुगावा लागला. पुसून ठेवलेल्या चिमट्यावर ग्लू दिसू लागला. त्यांचा संशय मेव्हण्यावर, कारण तो दुपारी घरी डोकवायचा आणि आल्या आल्या खोका उघडून बघायचा.

"दाजी, मी फक्त चित्र बघतो," तो म्हणाला.

"चित्र झाकणावर आहे. झाकण कशाला उघडतोस?"

मग मास्तरांनी त्यांच्या धंद्यातली युक्ती काढली. कवळी नीट बसते का ते बघायला एक निळा पातळ कागद चावायला देतात. जिथे दात टेकतो तिथे निळं उमटतं. तो कागद त्यांनी माझ्या चाकांवर घासला आणि आत जाऊन पडले.

संध्याकाळी मेव्हणा आला. त्याचे हात स्वच्छ होते. मालकीणबाईंनी चहाचा कप पुढे केला, आणि त्यांची दोन बोटं निळी होती.

"का हात लावलास?" मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"दातांचं चाक मागे असतं. तुम्ही पुढे लावलं होतं. परवा तोफेजवळचं झाकण उलटं बसवलं होतंत."

"मग सांगायचं नाही?"

"कवळीचं सांगितलं त्या माणसाने, तर काम सोडून आलात. वर महिनाभर माझ्याशीही धड बोलला नाहीत. आता हेही सुटलं असतं, तर तुम्ही दिवसभर काय केलं असतंत?"

मेव्हणा गुपचूप बाहेर जाऊन चपला घालू लागला. मास्तरांनी मला उचललं, चाकाच्या कडेवरून नख फिरवलं. बारीक दात नखाला लागत होते. जन्मभर दातांचं काम केलेला माणूस, आणि त्यांना ते दिसत नव्हते.

"मला हे दिसत नाही गं," ते म्हणाले. मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला माझ्या संशयाची इतकी लाज वाटली की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मास्तर आधी त्या म्हातारीकडे गेले, चूक कबूल करून आले, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. माझी डावी बाजू मालकीणबाईंनी पूर्ण केली. उजवी मास्तरांनी, नव्या नजरेने.

मी कारखान्याच्या टेबलावर कधीच गेलो नाही. खिडकीपाशीच असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झाडायची तर मऊ कुंचल्याने झाडा, माझी तोफ काडीएवढी आहे. आणि पोटाखाली बोटाचा निळा ठसा दिसला तर तो पुसू नका. रंग देताना मास्तरांनी तेवढी जागा सोडून दिली आहे.